समासात लिहिलेलं वाक्य

समास न सोडता लिहिलेला कागद समोर आला की माझं डोकं फिरतं. सांगलीच्या एका शाळेत मी मराठी शिकवते, आणि नोकरीला लागल्यापासून एकच गोष्ट घसा कोरडा करून सांगत आले आहे: कागद हातात आला की आधी डावीकडची पट्टी दुमडा, घडीवरून नख फिरवा, आणि त्या घडीच्या पलीकडे पेन नेऊ नका. पोरं नेतात. या कडेपासून त्या कडेपर्यंत कागद असा भरतात की लाल पेनानं एक बरोबरची खूण करायची तरी ती कुठे करायची, असा प्रश्न पडतो. मार्क कापले की आईबाप भांडायला येतात. एवढ्याशा जागेसाठी कशाला हो मॅडम, असं म्हणतात. एवढीशी जागा आहे तर सोडायला काय होतं, हे मात्र त्यांना कुणी विचारायचं नाही.

व्याकरणातला समास वेगळा, त्याचं इथे काही काम नाही. मी बोलतेय ती कागदाच्या कडेला कोरी ठेवतात ती जागा. संगणकावर तिला मार्जिन म्हणतात आणि ती चारी बाजूंना आपोआप सुटते, त्यामुळे ती कशासाठी असते हे आता कुणालाच सांगता येत नाही. शोभेसाठी, असं सांगतात. शोभा कसली? फाईलला दोरा ओवायला ती लागते, नाहीतर ओळीचे पहिले शब्द शिवणीत जातात. कागद धरायला अंगठा लागतो, तो अक्षरावर येऊ नये म्हणून ती लागते. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दुसऱ्याला लिहायला ती लागते. मजकूर लिहिणाऱ्याचा असतो आणि समास वाचणाऱ्याचा. वाचणाऱ्याला शंका विचारायची असेल, चूक दाखवायची असेल, राहिलेलं घालायचं असेल, तर त्यानं ते तिथे लिहायचं. ज्यानं समास सोडला नाही त्याला दुसऱ्याचं ऐकून घ्यायचं नाही, असं मी वर्गात सांगते. पोरं माना डोलावतात आणि पुन्हा कडेपासून सुरुवात करतात.

हे सगळं मी फळ्यापुढे उभी राहून सांगत आले. घरात ते वापरायची वेळ माझ्यावर येईल असं वाटलं नव्हतं. ती आली वडूजला, एका दस्तलेखकाच्या दुकानात, आणि माझ्यासमोर बसला होता माझा सख्खा धाकटा भाऊ.

आमचं गाव वडूजपासून थोडं आत. सगळं कोरडवाहू रान, पूर्वी ज्वारी आणि घेवड्यापलीकडे फार काही निघायचं नाही. गेल्या वर्षी वडील गेले. मागे आम्ही चौघं: आई, मी, मिरजेच्या एका दवाखान्यात परिचारिका असलेली माझी बहीण आणि हा भाऊ. भाऊ फौजेतून हवालदार होऊन निवृत्त झाला आणि साताऱ्याला फ्लॅट घेऊन राहिला. गावाकडच्या घरात आई एकटी.

बाप गेला की वर्षश्राद्ध व्हायच्या आत आमच्याकडे लेकींच्या सह्यांची घाई सुरू होते. कायद्यानं लेकीला वाटा दिला आहे हे आता सगळ्यांना पाठ आहे, आणि पाठ आहे म्हणूनच तो सोडवून घ्यायचीही पक्की रीत झाली आहे. त्याला हक्कसोडपत्र म्हणतात. दिवस ठरतो, गाडी ठरते, बहिणींना आदल्या दिवशीच बोलावून घेतात. सह्या झाल्या की सगळे मिळून ढाब्यावर जेवतात आणि घरी आल्यावर वहिनी ओटी भरून साडी देते. गावात मग सांगतात, पोरी लय गुणाच्या, एका शब्दानं बोलल्या नाहीत. एक शब्द बोलली तर ती गुणाची नाही आणि तिला माहेरही नाही, हे कुणी मोठ्यानं म्हणत नाही, पण कळायचं त्या सगळ्यांना कळतं.

मला जमीन नको होती. यात माझा काही मोठेपणा नाही. माझा संसार सांगलीत आहे, पगार आहे, आणि त्या रानात मी उभ्या जन्मात खुरपं घेऊन गेले नाही. भावानं फोन केला तेव्हा येते म्हणाले. बहिणीनं तर तिचं आधार कार्ड त्याला केव्हाच पाठवून दिलं होतं.

पण मधल्या काळात एक गोष्ट घडली. आमच्या रानाला लागून जातो तो रस्ता रुंद झाला. रस्त्याकडेला आमचं घर आहे. फार जुनं नाही, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पुढे पडवी. वडिलांनी ते बांधलं असं सगळे म्हणतात. बांधलं त्यांनी, पण स्लॅब टाकला तेव्हा ते बाहेरगावी कामावर होते, आणि विहिरीवरून घागरीनं पाणी आणून तो स्लॅब भिजता ठेवला तो आईनं. गणपतीत सगळे जमलो असताना भाऊ सहज बोलावं तसं बोलला, की हे घर पाडून रस्त्याला तोंड करून गाळे काढायचे, भाड्यानं द्यायचे, आणि आईनं साताऱ्याला यायचं. आई चुलीपाशी होती. तिनं ऐकलं आणि भाकरी उलटली.

चार दिवसांनी तिनं मला फोन केला. इकडचं तिकडचं बोलली, शेजारणीच्या म्हशीचं सांगितलं, आणि मग म्हणाली की साताऱ्याच्या फ्लॅटात दार लावलं की माणूस दिसत नाही, मी काय तिथे जायची नाही. मी म्हटलं, मग त्याला तसं सांग. तर म्हणे, त्याला कशाला सांगायचं, तो काय मला घालवतोय होय. त्यालाच जर सांगायचं नसेल तर मला का सांगतेस, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. ते मी गिळलं आणि आतल्या आत चडफडत राहिले.

दस्तलेखकाचं दुकान म्हणजे रस्त्याकडेचा एक गाळाच. एक संगणक, एक प्रिंटर, भिंतीला टेकवलेलं बाकडं, कोपऱ्यात थंड पाण्याचा जार. दस्तलेखक पन्नाशीचा, कपाळाला गंध, बोलायला अतिशय गोड. आम्ही पोचलो तेव्हा कागद छापून तयार होते. वाचायचे कुणी? वाचायचे असतात हे तिथे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. भावानं सरळ पेनच पुढे केलं आणि शेवटच्या पानावर बोट ठेवलं. रजिस्ट्रारसमोर उभं राहायची वेळ घेतलेली आहे, ती चुकवून चालणार नाही, असं म्हणाला.

मी चष्मा काढला, पुसला आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. भावाचा चेहरा तेव्हाच उतरला. आक्का, वाचायला काय ठेवलंय त्यात, सगळ्यांचं असंच असतंय, असं तो म्हणाला. मी म्हटलं, माझा धंदाच वाचायचा आहे.

काय भाषा होती ती. लिहून देणार एक, दोन आणि तीन. एक म्हणजे आई, दोन म्हणजे मी, तीन म्हणजे बहीण. लिहून घेणार एकटा. आणि आम्ही तिघी म्हणे राजीखुशीने, स्वसंतोषाने, कोणाच्याही दडपणास बळी न पडता, पूर्ण शुद्धीत राहून, कोणताही मोबदला न घेता लिहून देत होतो. माझ्या वर्गातल्या पोरानं हे लिहिलं असतं तर मी प्रत्येक शब्दाशेजारी 'कशावरून?' असं लिहिलं असतं. राजीखुशी कुणी बघितली? ज्यानं छापलं त्यानं आईला आयुष्यात पहिल्यांदा आज सकाळी पाहिलं. आणि आईचं नाव तिथे पाहून तर माझ्या अंगाचा तिळपापड झाला. लेकींनी सोडायचं हे ऐकून ऐकून माहीत होतं. नवऱ्यामागे बायकोला मिळालेला वाटासुद्धा तिच्याकडून त्याच कागदावर सोडवून घ्यायचा, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आईला विचारलं, तुला माहीत होतं का? ती म्हणाली, सगळ्याच जणी देतात की गं.

मिळकतीच्या वर्णनात रान होतं, चतुःसीमा होत्या, विहिरीतला हिस्सा होता, आणि 'त्यातील घरासह' एवढे दोन शब्द होते. त्या दोन शब्दांत आई राहत होती.

मी कागद खाली ठेवला आणि सांगितलं की मी सही करते, पण एक वाक्य घालायचं. आई हयात आहे तोवर ती या घरात राहील, आणि तिच्या संमतीशिवाय घर पाडायचं नाही, विकायचं नाही. एवढंच. जमीन घे, विहीर घे, रस्त्याकडेची मोकळी जागा घे.

मग दस्तलेखक गोड आवाजात सांगू लागला की ताई, हक्कसोडीत अशी अट शक्यतो घालत नाहीत, आणि आता छापूनही झालं आहे, मुद्रांकाच्या कागदावर पान भरलं आहे, एका ओळीचीही जागा नाही. आणि त्यानं पान उचलून मला दाखवलं. खरंच खालपर्यंत मजकूर होता. भावानं लगेच री ओढली. जागाच न्हाई तर कुठं घालणार, आक्का.

जागा नाही. डाव्या बाजूला चांगली चार बोटं जागा कोरी होती. माझी सगळी नोकरी जी जागा सोडा म्हणून सांगण्यात गेली तीच तिथे पांढरीशुभ्र दिसत होती, आणि ही दोन माणसं मला जागा नाही म्हणून सांगत होती. माझा आवाज चढला. बाकड्यावर कुणी दुसरंच गिऱ्हाईक येऊन बसलं होतं, तेही माझ्याकडे बघायला लागलं. बघू दे. मी दस्तलेखकाला विचारलं, इथे समासात हातानं लिहिलं तर चालतं की नाही, हो का नाही एवढंच सांगा. त्यानं आधी भावाकडे पाहिलं. मग म्हणाला की चालतं तसं, पण समासात घातलेल्या मजकुराशेजारी सगळ्यांच्या सह्या लागतात, लिहून घेणाऱ्याचीसुद्धा.

मी पेन उचललं आणि लिहिलं. एका ओळीत तीनच शब्द मावत होते, म्हणून ते वाक्य पानाच्या कडेनं खाली खाली उतरत गेलं. अक्षर मी फळ्यावर काढते तसं काढलं, कुणाला उद्या लागत नाही म्हणता येऊ नये असं. खाली सही केली. बहिणीकडे सरकवलं. ती माझ्यापेक्षा भित्री. तिनं भावाकडे बघितलं, वहिनीची साडी, माहेरपण, पोरांना सुट्टीत कुठे न्यायचं, हे सगळं तिच्या तोंडावर मला दिसत होतं. पण तिनं सही केली. त्याबद्दल मी तिला आजवर एकदाही शाबास म्हटलेलं नाही, इथे म्हणते.

मग मी कागद भावापुढे ठेवला.

तो पेनाला हात लावेना. म्हणाला, "आक्का, माझ्यावर विश्वास न्हाई व्हय तुझा? आईला मी काय रस्त्यावर टाकणार हाय?"

"नाही ना टाकणार? मग कर सही."

"सही कशाला पाहिजे? घरातली गोष्ट ही. चार लोकांत लिहून द्यायची म्हणजे माझी इज्जत गेली की."

आमच्या तिघींच्या सह्या त्याला चार लोकांत लागत होत्या. आमची राजीखुशी मुद्रांकावर छापून लागत होती, अंगठ्याचे ठसे यंत्रावर लागत होते, फोटो लागत होते, दोन साक्षीदार आणि त्यांची कार्डं लागत होती. आमच्यावर त्याचा विश्वास नव्हता का? तो प्रश्न कुणी काढतच नाही. बहिणीकडून लिहून घेतात त्याला व्यवहार म्हणतात, आणि भावाला एक ओळ लिहून मागितली की लगेच घरातली गोष्ट होते, इज्जत होते, विश्वास होतो. हे सगळं मी तिथे तोंडावर बोलले, याहून जास्तच बोलले. फौजेत सतराशे साठ कागदांवर मुकाट सह्या केल्यास ना, तेव्हा नाही इज्जत गेली, असंही बोलले. तो लाल झाला. दस्तलेखक उठून पाण्याच्या जारकडे गेला आणि तिथेच उभा राहिला.

आई इतका वेळ बाकड्याच्या टोकाला पदर घट्ट ओढून बसली होती. ती म्हणाली, काय लिहिलंय ते मला वाचून दाखव. मी वाचलं. आई हयात आहे तोवर. हे शब्द तिच्यासमोर उच्चारताना माझी जीभ अडखळली, कारण लिहिताना ते नुसते शब्द होते. तिनं पूर्ण ऐकून घेतलं. मग भावाकडे वळली आणि अगदी साध्या आवाजात, ताटात भाजी वाढू का विचारावं तसं, म्हणाली, "कर की सही."

"आई, तुला ह्यातलं कळत न्हाई."

"घर पाडायचं न्हाई एवढंच हाय. पाडणार हायेस का?"

भावानं मोबाईल काढला. कुणाचा फोन आला नव्हता, नुसताच तो हातात घेऊन बघत राहिला. आई त्याच्याकडे बघत होती. तो हो म्हणाला नाही, आणि नाहीही म्हणाला नाही. त्याचं नेहमीचं हसू असतं, आईपुढे लाडात आल्यावर येणारं, ते आणायचा त्यानं प्रयत्न केला आणि ते आलं नाही.

आईनं टेबलावरचं पेन उचललं. मला वाटलं ती आता सगळ्यावर पाणी सोडून शेवटच्या पानावर सही करणार, आणि त्या क्षणी मला तिचा भावाहूनही जास्त राग आला होता. तिनं पेनाचं टोपण लावलं, ते दस्तलेखकाच्या बाजूला सरकवलं आणि उठली. चला, उन्हं होतात, असं म्हणाली आणि चपला घालून बाहेर पडली.

त्या दिवशी ढाब्यावर कुणी जेवलं नाही. बहीण तिथूनच मिरजेला जाणारी गाडी धरून गेली. भाऊ गाडी घेऊन साताऱ्याला निघून गेला, आम्हाला घरी सोडतो असंही म्हणाला नाही. मी आणि आई माणसं कोंबून नेणाऱ्या वडापच्या जीपनं गावात आलो. वाटेत ती जीपबाहेरच बघत बसली. मला वाटलं दमली असेल. मी मात्र आतून फुलले होते, खोटं कशाला सांगू. जिंकल्यासारखं वाटत होतं. घराकडे वळताना पडवी दिसली तेव्हा मनात म्हटलं, उभी आहे, उभीच राहील.

घरी आल्यावर आईनं चहा टाकला. मला दिला, स्वतः घेतला नाही. घेवड्याच्या शेंगा पुढ्यात ओढून सोलायला बसली. मी तिला सांगू लागले की आता काळजी करू नको, तुझ्या सहीशिवाय त्याला काही करता येत नाही, वाटा तुझा आहे, घर तुझं आहे. कायदा सांगत होते, कलमं सांगत होते. तिनं मध्येच मला थांबवलं.

"तू ते लिवलं नसतंस तर मी त्याला विचारलंच नसतं," ती म्हणाली. "सही करून मोकळी झाले असते मी. त्याच्या पोटात काय हाय ते मला कळलं नसतं. मरंस्तवर मी म्हनत बसले असते, माझं पोरगं मला घरातनं काढायचं न्हाई."

मला राग आला. अजूनही येतो. मी तिच्यासाठी भांडले, भाऊ तोडला, दिवाळीला आता ओवाळायला कुणी नाही, आणि ही मला हे सुनावते. मी म्हटलं, म्हणजे खोट्यातच राहायचं होतं का तुला? ती म्हणाली, "व्हय." आणि शेंगा सोलत राहिली.

दस्त तसाच पडून आहे. दस्तलेखकाकडे आहे की भावानं फाडला, मला ठाऊक नाही. भावाचा फोन आईला येतो, मला नाही. गाळ्यांचा विषय निघत नाही. आई पूर्वी तो यायचा म्हटलं की रस्त्याकडे बघत पडवीत बसायची, आता घरातच बसते. घर वाचलं, असं मी सगळ्यांना सांगते. आई तसं कधी म्हणत नाही.